आखूड चौकट

निळ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर तिने तळहात ठेवला आणि लगेच उचलला. चटका बसला नाही, पण पत्रा चांगलाच गरम होता.

"आज चालवलाय का हा?"

"छे हो वहिनी. सकाळपासून इथंच उभाय," मामा म्हणाला. "उन्हानं पत्रा तापतो."

ट्रॅक्टर छपराखाली सावलीत उभा होता. ऊन फाटकापाशी होतं.

मामा कुणाचाच मामा नव्हता. जुनी यंत्रं घ्यायची, त्यांना रंग द्यायचा आणि पुन्हा विकायची, हा त्याचा धंदा. त्याच्याकडून खरेदी करून पस्तावलेले लोक सांगत, की त्या आवारात एक मामा आधीपासून बसलेला असतो आणि दुसरा तिथे गेल्यावर बनतो.

"इंजिन गरम आहे," ती म्हणाली. "गरम इंजिन कुणाचंही चालू होतं. थंड झाल्यावर चालू करून दाखवा."

शेजारी उभ्या असलेल्या दिराने च्यक् केलं. तो मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसायचा आणि घरात चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्याचा असायचा. "वहिनी, तासभर जाईल त्यात. मी बघितलंय ना सगळं. चालेल हा."

"तुम्ही कधी बघितलंत?"

"म्हणजे, आत्ता. आल्यापासून बघतोच आहे की."

'चालेल' हा शब्द ऐकला की तिच्या जबड्याचा स्नायू आवळायचा. त्या घरात या शब्दाचे दोन अर्थ होते. यंत्र चालेल, हा एक. आपल्याला चालेल, हा दुसरा. कुठला अर्थ आहे ते आधी कुणी विचारत नसे आणि नंतर कुणी सांगत नसे. मागच्या वर्षी भावजींनीच जुना पॉवर टिलर आणला होता, दोन दांडे धरून मागून चालायचं यंत्र. त्याचा रिव्हर्सचा खटका अडकतो हे त्यांना माहीत होतं. चालेल, म्हणाले. तिच्या नवऱ्याने उतारावर रिव्हर्स टाकला, खटका अडकला, यंत्र मागे आलं आणि त्याला कुंपणाच्या खांबावर दाबून थांबलं. त्याचा उजवा हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही.

घर टेकाडाच्या उतारावर होतं. रस्त्यापासून दारापर्यंतची वाट खडीची, आणि प्रत्येक मोठ्या पावसात अर्धी खडी खाली फाटकापाशी जाऊन बसायची. ती पुन्हा वर ओढायची. वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, मागच्या बाजूला वाऱ्याने पडलेली झाडं. हे सगळं नवरा करायचा. आता ती करणार होती, छोट्या ट्रॅक्टरवर बसून. तसं घरात ठरलं होतं, म्हणजे करायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तिची अट एकच होती. वरच्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर उतारावर आडवा चालताना कलंडला होता. तो वाचला, कारण सीटच्या मागे डोक्याच्याही वर जाणारी लोखंडी चौकट होती आणि त्याने पट्टा बांधला होता. ट्रॅक्टर उलटून चौकटीवर टेकला. शेजारी मधल्या पोकळीत उलटा लटकत राहिला, शिव्या देत. त्या शिव्या तिला आपल्या अंगणात ऐकू आल्या होत्या आणि इतक्या छान शिव्या आपण आयुष्यात ऐकल्या नाहीत, असं ती सगळ्यांना सांगायची. तेव्हापासून तिने दोघा भावांना बजावलं होतं: चौकट पाहिजे. रंग, दिवे, सीट, बाकी काय ते तुमचं तुम्ही बघा.

निळ्या ट्रॅक्टरला चौकट होती. त्याच रंगाची, चकचकीत.

"बसते मी," ती म्हणाली. "थंड होईपर्यंत."

"वहिनी, शिलाई मशीन नाही हे," मामा हसत म्हणाला. ती बाजारात कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते हे भावजींनी येताच सांगितलं होतं. "इतकं काय उलटून पालटून बघायचं?"

"शिलाई मशीन अंगावर उलटत नाही, मामा. ते मी न बघता घेते."

मामाचं हसू जागच्या जागी राहिलं. भावजी पुढे झाले. "वहिनी, जरा थंड घ्या ना."

"मला कशाला सांगता? इंजिनला सांगा."

ती पायरीवर पाय देऊन वर चढली आणि सीटवर बसली. सीट नवी होती. स्टिअरिंगला नवं कव्हर होतं. समोरच्या काचेखाली इंजिन चाललेले तास मोजणारा काटा होता आणि तो फार कमी तास दाखवत होता. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. बाजारात विकायला येणाऱ्या जुन्या कपड्यांवरही 'नवीन' अशी चिठ्ठी असते.

मामा खुर्ची घेऊन सावलीत बसला. भावजी त्याच्याशेजारी उभे राहून टायरच्या किमतींबद्दल बोलू लागले. आपल्या वहिनी जरा तशाच आहेत, हे मामाला कळावं इतपत मोठ्याने आणि तिला ऐकू जाऊ नये इतपत हळू त्यांनी मध्येच काहीतरी म्हटलं. दुसऱ्या भागाचा अंदाज चुकला. तिला ऐकू गेलं.

तिने पाठ मागे टेकली, मान सैल सोडली आणि डोकं मागे टाकलं.

डोक्याला काहीच लागलं नाही. चौकटीची आडवी दांडी मानेला लागली.

ती सरळ झाली. पुन्हा हळूच मागे झाली. दांडी मानेपाशीच होती. हात मागे नेऊन तिने दांडी चाचपली, मग तोच हात सपाट धरून पुढे आणला. हात तिच्या कानाच्या खाली आला. तिचं डोकं अख्खंच्या अख्खं चौकटीच्या वर होतं.

आवारात पलीकडे आणखी एक ट्रॅक्टर होता. राखाडी, किंवा कधीतरी लाल असलेला. एक दिवा गायब, सीट फाटलेली, तिच्यातून पिवळा स्पंज बाहेर आलेला. त्याच्या सीटमागची चौकट छपराच्या वाशांपर्यंत पोचत होती.

"ही आखूड का आहे?" तिने विचारलं.

"कोण?"

"चौकट. त्या जुन्याची बघा आणि ही बघा."

"कंपनीच तशी बनवते," मामा म्हणाला. "मॉडेल वेगळं असतं."

ती खाली उतरली आणि चौकटीच्या एका खांबावरून अंगठ्याचं नख वरून खाली ओढत आणलं. कपड्याचा जोड ती असाच शोधायची. शिंपी कितीही चांगला असो, इस्त्री कितीही कडक असो, जिथे कापून जोडलंय तिथे नख अडखळतं. इथेही अडखळलं. तिने दुसऱ्या खांबावरून नख फिरवलं. त्याच उंचीवर. रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा होता, घासून गुळगुळीत केलेला, पण होता.

"कापलीय ही," ती म्हणाली. "मधून कापून परत जोडलीय."

मामाने भावजींकडे बघितलं. भावजी फाटकाकडे बघत होते.

"तुम्ही घरी सांगितलं नाही का?" मामा भावजींना म्हणाला. आता तोही वैतागला होता. "मला म्हणालात घरचे सगळे तयार आहेत. वहिनी फक्त बघायला येतील, एका सेल्फमध्ये चालू झाला पाहिजे, गरम करून ठेवा. विसार देऊन गेलात, माप देऊन गेलात. मी काय माझ्या मनानं कापली?"

"कसलं माप?" तिने विचारलं.

उत्तर मामाने दिलं. "दाराचं. तुमच्या शेडच्या. मोठ्या भावांनी काढलेलं आहे म्हणाले, चुकायचं नाही."

मोठे भाऊ म्हणजे तिचा नवरा. तो घरांचे नकाशे काढायचा. त्याचं माप चुकायचं नाही, हे खरं होतं.

शेड तिच्या सासऱ्यांनी बांधली होती. सासरे बुटके होते आणि त्यांनी दार स्वतःच्या मापाने केलं होतं. घरातला प्रत्येक माणूस त्या दारातून वाकून आत जातो आणि वाकून बाहेर येतो. लग्न होऊन आल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात त्या दाराच्या वरच्या तुळईवर कपाळ फोडून घेतलं होतं. हळद चेपताना सासरे म्हणाले होते, वाकायची सवय होईल. सगळे हसले होते. तीही हसली होती. आणि सवय खरंच झाली होती.

तिने फोन काढला.

"अहो," ती म्हणाली, "शेडच्या दाराचं माप तुम्ही दिलंत?"

नवऱ्याचा सावकाश आवाज आला. "त्यानं सांगितलं वाटतं. मी संध्याकाळी सांगणारच होतो."

"चौकट कापायला तुम्ही सांगितलंत?"

"काढून टाकायला नाही सांगितलं. तो तर काढूनच टाका म्हणत होता. मी म्हटलं, नको, तिची अट आहे. फक्त दारापुरती कमी करा. वीतभर. चौकट आहेच ना अजून?"

"माझं डोकं तिच्या वर येतंय."

"अगं, पण तू उतारावर आडवी जाऊच नकोस. सरळ वर जायचं, सरळ खाली यायचं. मी आखून देतो."

"गवत काय फक्त सरळ उगवतं?"

"हे बघ, ती तुळई काढायची म्हणजे वरची भिंत धरावी लागेल. बाबांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं आहे ते. आणि तू चिडू नकोस, पण तू तर रोज हेच करतेस. लोकांच्या पँटी आखूड करतेस, कुणी तक्रार करतं का?"

भावजी आणि मामा दोघेही आता तिच्याकडे बघत होते. ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"पँट आखूड झाली तर घोटा दिसतो," ती म्हणाली. "तू दार मोजलंस. ट्रॅक्टर मोजलास. मी सीटवर बसल्यावर किती उंच होते ते मोजलंस का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिने नवऱ्याला 'तू' म्हटलेलं भावजींनी कधी ऐकलं नव्हतं. ते दोन पावलं मागे सरकले आणि मामाच्या खुर्चीला अडखळले.

"आम्हाला वाटलं चालेल," नवरा म्हणाला.

"तुला वाटलं तुझ्या बाबांचं दार फुटायला नको. माझं डोकं फुटलं तर चालेल."

"मी असं म्हटलं का?"

"तू म्हटलं नाहीस. तू मोजलंस."

तिने फोन बंद करून पिशवीत टाकला. पिशवीचा बंद घट्ट धरला.

"वहिनी, एवढं मनाला लावून घेऊ नका," भावजी म्हणाले. "दादानं काळजीपोटीच—"

"तुम्ही गप्प बसा, भावजी. टिलर आणलात तेव्हाही तुम्ही काळजीपोटीच आणला होतात. त्या काळजीमुळं ह्यांचा हात अजून वर जात नाही."

मामा उठून छपराच्या मागे गेला आणि लोखंडाचे दोन तुकडे घेऊन आला. प्रत्येक वीतभर लांब, एका टोकाला जुना निळा रंग, दुसरीकडे कापल्याची चमक. त्याने ते तिच्यासमोर धरले, मिठाईचं ताट धरावं तसे. "हे बघा, तुकडे आहेत माझ्याकडे. काही बिघडलेलं नाही. परत जोडून देतो, पहिल्यासारखी उंच."

"म्हणजे आता एक जोड आहे, मग दोन होतील. उलटला की कुठं तुटेल ती?"

मामाने हातातले तुकडे उलटसुलट केले.

"सांगा ना. तुमचा धंदा आहे."

"जोडावर," मामा म्हणाला.

"मग ठेवा ते तुकडे. दाराला अडसर म्हणून कामी येतील." तिने राखाडी ट्रॅक्टरकडे बोट केलं. "तो दाखवा."

"तो?" भावजी म्हणाले. "वहिनी, तो मी बघून सोडलाय. भंगार आहे. आणि तो दारातून जायचा नाही."

"का सोडलात? भंगार आहे म्हणून, की दारातून जायचा नाही म्हणून?"

भावजींनी उत्तर देण्याआधी जो वेळ घेतला त्यात उत्तर आलं.

राखाडी ट्रॅक्टरचं बॉनेट गार होतं. तिने दोन्ही खांबांवरून नख फिरवलं. गंज लागला, मातीचे पोपडे निघाले, जोड लागला नाही. चौकट चार जाड बोल्टांनी मूळ सांगाड्याला बसवलेली होती आणि बोल्टांवर कुणी पाना लावल्याची खूण नव्हती. सीटवर बसून तिने डोकं मागे टाकलं. वर दांडी दिसली, तिच्या डोक्याच्या बरीच वर, आणि दांडीवर कुठल्यातरी पाखराचं मोडलेलं घरटं. पट्टा विटका होता, पण ओढल्यावर अडला आणि कुलपात खटकन बसला.

"चालू करा," ती म्हणाली.

मामाने किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. भावजींनी हाताची घडी घातली. पुन्हा फिरवली. या वेळी ते खोकलं, काळ्या धुराचा लोट छपराला जाऊन लागला, आणि मग धडधड सुरू झाली. ती उभी राहून धुराकडे बघत राहिली. धूर करडा झाला, पातळ झाला, दिसेनासा झाला. धडधड तशीच राहिली.

"तेल गळतंय मागून," भावजी म्हणाले. बोट दाखवायला त्यांना शेवटी काहीतरी सापडलं होतं.

"दिसलं मला," ती म्हणाली. "सील बदला. तेवढं तुमच्या दुकानात मिळतं ना?"

ट्रकवर यंत्रं चढवायला आवारात मातीचा उतार केलेला होता. तिने पट्टा बांधला, ट्रॅक्टर त्या उतारावर अर्ध्यापर्यंत चढवला, ब्रेक ओढला आणि पेडलवरून पाय काढून बसली. ट्रॅक्टर हलला नाही. क्लच दाबला, तरी हलला नाही. ती तशीच बसून राहिली. खाली दोघे पुरुष मान वर करून उभे होते. एका उतारावर इतका वेळ काय बघायचंय, असं त्यांना वाटत असावं. ती ब्रेक बघत होती. राग उतरतो का, हेही बघत होती. तो उतरला नाही.

"विसार निळ्यावर दिलाय," मामाने खालून ओरडून सांगितलं.

"आता तो याच्यावर धरा. आणि ज्याच्यावर घेतलात ना, तो निळा पुढच्या माणसाला विकताना चौकट कापलेली आहे म्हणून सांगा."

"सांगीन की."

"मी येऊन विचारीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाच्या ट्रकने राखाडी ट्रॅक्टर फाटकापाशी उतरवून दिला. ती दुकान लवकर बंद करून आली होती. भावजी आधीच आले होते, सील घेऊन. कुणी बोलावलं नसताना आले होते, आणि ऊन नको म्हणून मोटारसायकल शेडमध्ये लावली होती. तिने पट्टा बांधला आणि खडीच्या वाटेने ट्रॅक्टर वर घेतला. चाकांखालून खडी उडत होती. वळणावर ट्रॅक्टर किंचित कलला, पण डोक्यावर दांडी होती आणि मांडीवर पट्टा होता, आणि ती थांबली नाही.

शेडच्या दारासमोर येऊन ती थांबली. इंजिन चालूच ठेवलं. चौकटीची आडवी दांडी तुळईच्या वीतभर वर होती.

नवरा शेडमधून बाहेर आला. वाकून. सरळ उभा राहिल्यावर त्याने आधी दांडीकडे बघितलं, मग तुळईकडे, मग तिच्याकडे. आदल्या संध्याकाळी तो पुष्कळ बोलला होता. भिंत, पाया, बाबा. तिने जेवण वाढलं होतं आणि एका शब्दाचंही उत्तर दिलं नव्हतं.

"बसत नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग उघड्यावर ठेवायचा?"

"दार वर घे."

त्याने भावाकडे बघितलं. भाऊ पुढच्या टायरची हवा बघत होता, अंगठ्याने.

"ठीक आहे," नवरा म्हणाला. "चालेल."

ती सीटवरून हलली नाही. "चालेल नाही. करतो म्हण."

इंजिनची धडधड मध्ये होती, पण त्याने ऐकलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्याने आपल्या उजव्या खांद्याकडे हात नेला. "घण मला उचलायचा नाही."

"भावजी उचलतील. तू कुठं मारायचा ते आखून दे. तुझं माप चुकत नाही."

"करतो," तो म्हणाला.

तिने ट्रॅक्टर पुढे घेतला, अगदी सावकाश, बॉनेट दारात शिरेपर्यंत, तुळई तिच्या कपाळापासून दोन बोटांवर येईपर्यंत. मग ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि खाली उतरली. किल्ली तिने पिशवीत टाकली.

"वहिनी," भावजी म्हणाले, "माझी मोटारसायकल आत आहे."

"माहीत आहे."

"मी घरी कसा जाणार?"

"दार वर झालं की जा."

ती घराकडे वळली. मागे नवऱ्याने घण कुठं आहे असं विचारलं आणि भावजींनी सांगितलं, की तोही आतच आहे. तो आणायला भावजींना ट्रॅक्टर आणि दाराची चौकट यांच्यामधल्या फटीतून अंग चोरून, आडवं होऊन, वाकून आत जावं लागलं.